मॉडेलला ‘असावा’ म्हणता येत नाही : प्राचीन वास्तूंची डिजिटल मॉडेल्स आणि इतिहासाचा तास

(इतिहास-शिक्षकांसाठी झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेल्या चित्रांच्या जागी आवश्यक तेथे वर्णन दिले आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतील दोन प्रश्न घेतले आहेत.)



समोर बरेच जण इतिहास शिकवणारे दिसताहेत, मागच्या रांगांत बी.एड.चे विद्यार्थीही आहेत. त्यामुळे सिद्धान्त वगैरे बाजूला ठेवते आणि माझ्याच हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीचा वर्ग, हडप्पा संस्कृतीचा पाठ. शाळेत नुकताच प्रोजेक्टर आला होता. मी मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या थ्रीडी मॉडेलवरून केलेली एक छोटी फिल्म मुलांना दाखवली. कॅमेरा पक्ष्यासारखा शहरावरून येतो, हळूहळू खाली उतरतो. मग ते स्नानगृह दिसतं. निळंशार पाणी, भोवती खांबांची पडवी, वर छप्पर, आणि भगव्या वस्त्रांतले पुजारी ओळीनं पायऱ्या उतरताहेत. एरवी पाठाच्या दुसऱ्या पानावर पेंगणारी मुलं टक लावून बघत होती. मी मनात म्हटलं, आज शिकवणं सार्थकी लागलं.

सहामाहीला प्रश्न आला, ‘महास्नानगृहाची माहिती लिहा.’ निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘तेथे भगव्या कपड्यांतले पुजारी रोज स्नान करत असत.’ आणि खरं सांगते, तपासताना मी काहींना पूर्ण मार्कही देऊन टाकले. पेपर वाटले त्या दिवशी एका मुलीनं हात वर केला. तिनं पुजाऱ्यांविषयी लिहिलं नव्हतं म्हणून तिचा एक मार्क गेला होता. तिनं विचारलं, “बाई, पुस्तकात पुजारी नाहीत. मग ते कशावरून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे तिच्या त्या ‘कशावरून’ला उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

जमिनीतून काय निघालं?

आधी महास्नानगृहापुरतं बघू. १९२५-२६ च्या सुमारास, जॉन मार्शल पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना, ते उत्खननात उघडं झालं. हौद साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल आहे. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. विटा इतक्या घट्ट बसवल्या आहेत की फट दिसत नाही. सांध्यांत जिप्समचा गिलावा आहे, आणि पाणी मुरू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिला आहे. शेजारच्या एका खोलीत विहीर आहे. पाणी सोडायला मोठी नाली आहे. भोवती विटांच्या खांबांचे अवशेष आहेत.

एवढं आहे. हे हात लावून बघता येतं.

आता काय नाही ते बघा. छप्पर नाही. खांब किती उंच होते ते सांगणारा पूर्ण खांब नाही. आणि पुजारी तर नाहीतच. हडप्पा लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे त्या हौदात कोण उतरायचं हे सांगणारं एक अक्षरही आपल्यापाशी नाही. मग पुजारी आले कुठून? मोहेंजोदडोच्या दुसऱ्याच भागात एक छोटा पुतळा सापडला. उंची जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर. दाढी, कपाळावर पट्टा, खांद्यावर तिपानी नक्षीची शाल. त्याला ‘पुरोहित-राजा’ हे नाव विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दिलं, हडप्पाच्या लोकांनी नव्हे. ते नाव पुस्तकांत रुळलं, तिथून चित्रकाराकडे गेलं, चित्रकारानं त्याला हौदाच्या पायरीवर उभं केलं, आणि माझ्या वर्गातल्या मुलांनी त्याला उत्तरपत्रिकेत आणून बसवलं.

अभ्यासकांनी काय लिहिलंय? इतकी काळजी घेऊन बांधलेला हौद रोजच्या आंघोळीसाठी नसावा, त्याचा संबंध काही विधींशी असावा. हे पटण्यासारखं अनुमान आहे. पण त्या वाक्यातलं क्रियापद बघा. ‘नसावा’, ‘असावा’.

आपल्या मराठीत ही सोय फार छान आहे. ‘छप्पर होतं’, ‘छप्पर असावं’, ‘छप्पर असू शकेल’. तीन क्रियापदं आणि खात्रीच्या तीन पायऱ्या. पुस्तक लिहिणारा हा फरक एका शब्दात करतो. मॉडेल करणाऱ्याला मात्र छप्पर घालावं लागतं किंवा काढावं लागतं. ‘असावं’ असं अर्धवट छप्पर पडद्यावर दिसत नाही. दगड जितका ठाम दिसतो तितकंच कल्पनेतलं छप्परही ठाम दिसतं, त्याच उन्हात आणि त्याच सावलीसकट. म्हणून मॉडेल वर्गात आणायचं असेल, तर त्यातून गळालेला ‘असावा’ परत आणणं हे शिक्षकाचं काम आहे. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचंय.

दोन वेगळ्या वस्तू, नाव मात्र एकच

आपण सरसकट ‘थ्रीडी मॉडेल’ म्हणतो, पण त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. ही गल्लत पहिल्यांदा सोडवायला हवी.

पहिली म्हणजे नोंद. वास्तू आज जशी उभी आहे तशी मोजून घ्यायची. यासाठी लेझर स्कॅनर वापरतात. तिपाईवर ठेवलेलं यंत्र चहूबाजूंना प्रकाशकिरण सोडतं, ते भिंतीवर आपटून परत येतात, त्यावरून प्रत्येक बिंदूचं अंतर निघतं. असे कोट्यवधी बिंदू मिळून वास्तूचा आकार तयार होतो. दुसरी रीत फोटोंची. एकाच वस्तूचे अनेक कोनांतून फोटो काढायचे. आपले दोन डोळे जसे खोली ओळखतात, तसं सॉफ्टवेअर त्या फोटोंमधल्या फरकावरून आकार काढतं. हिला फोटोग्रामेट्री म्हणतात.

उदाहरण तुमच्या खिशातच आहे. जांभळट रंगाची शंभराची नोट काढा. मागच्या बाजूला आहे ती पाटणची राणी की वाव, गुजरातमधली अकराव्या शतकातली पायऱ्यांची विहीर. राणी उदयमतीनं ती पती पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ बांधवली असं मानतात. सात टप्प्यांत खाली उतरणारी, शेकडो मूर्तींनी भरलेली ही विहीर सरस्वती नदीच्या गाळात शतकानुशतकं बुजून गेली होती. पुढे पुरातत्त्व खात्यानं ती मोकळी केली. २०११ मध्ये स्कॉटलंडच्या एका पथकानं सायआर्क ही संस्था आणि आपलं पुरातत्त्व खातं यांच्याबरोबर तिचं लेझर स्कॅनिंग केलं. त्या नोंदीत तुटलेला हात तुटलेलाच आहे. कुणी तो जोडलेला नाही.

अशा नोंदीची किंमत कधी कळते? मूळ वस्तू गेल्यावर. अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबाननं स्फोटकं लावून उडवल्या. मोठी मूर्ती सुमारे ५५ मीटर उंच होती. नंतर झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी तिचं संगणकावर मॉडेल केलं. कशावरून? मुख्यतः १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्यानं घेतलेल्या मोजक्या फोटोंवरून. ते फोटो काढणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल की तीस वर्षांनी हाच त्या मूर्तीचा सर्वांत नेमका पुरावा ठरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पुनर्रचना. वास्तू तिच्या काळात कशी दिसत असेल याचं चित्र. यात पुरावा असतो, तुलना असते आणि कल्पनाही असते. माझी ती फिल्म या प्रकारातली होती, आणि मी ती पहिल्या प्रकारातली असल्यासारखी दाखवली. चूक मॉडेलची नव्हती, माझी होती.

रोम : सात हजार इमारती, खात्रीच्या किती?

हा प्रश्न फक्त आपल्याला पडलाय असं नाही. मॉडेल करणाऱ्यांनाही तो पडला आणि त्यांनी त्यावर रीतसर विचार केला. ‘रोम रिबॉर्न’ नावाचा प्रकल्प आहे. बर्नार्ड फ्रिशर या अमेरिकन अभ्यासकाच्या पुढाकारानं झालेला. इसवी सन ३२० मधलं, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं अख्खं रोम शहर त्यांनी संगणकावर उभं केलं आणि २००७ मध्ये ते लोकांपुढे आणलं. इमारती सुमारे सात हजार.

पण त्यांनी त्या इमारतींचे सुरुवातीलाच दोन वर्ग पाडले. ज्यांची जागा, आराखडा, रूप यांचा ठोस पुरावा आहे, अशा अडीचशेच्या आसपास. बाकीच्या सगळ्या दुसऱ्या वर्गात. त्या वस्तीत किती घरं होती, किती वाडे होते, याच्या जुन्या याद्या मिळतात. त्यानुसार नमुन्याच्या इमारती तिथे बसवल्या. म्हणजे कलोसियम हे कलोसियमच आहे, पण गल्लीतलं तिसरं घर म्हणजे ‘इथे असं एखादं घर असावं’.

याच सुमारास, २००६ मध्ये, अशा कामांसाठी ‘लंडन चार्टर’ नावाची तत्त्वं तयार झाली आणि २००९ मध्ये ती सुधारली गेली. त्यांचं सार सोपं आहे. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की यात पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होतं, आणि अनुमान केलं तर ते कशाच्या आधारावर. या आधाराच्या नोंदीला ‘पॅराडेटा’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गणितातली ‘रीत’. नुसतं उत्तर नको, रीतही दाखवा.

तेव्हा एखादं मॉडेल वर्गात दाखवण्यापूर्वी बघा, त्यानं रीत दाखवली आहे का. नसेल तर ती मुलांकडून काढून घ्या. कशी, ते सांगते.

तीन रंगांचा तास

यासाठी हेडसेट लागत नाही, महागडी लॅबही लागत नाही. मॉडेलमधलं एक दृश्य थांबवा, त्याची साधी काळीपांढरी प्रिंट काढा आणि चार-चार मुलांत एक द्या. सोबत उत्खननाची माहिती द्या, दहा-बारा ओळींत, जशी मी आत्ता सांगितली तशी. आणि तीन रंगांच्या पेन्सिली. पुराव्यानं सिद्ध ते हिरवं. त्याच्या शेजारी लिहायचं ‘होतं’. पुराव्यावरून अंदाज केलेलं पिवळं, तिथे ‘असावं’. ज्याला आधारच दिसत नाही ते लाल, तिथे ‘कल्पना’.

मुलं कामाला लागतात तेव्हा बघण्यासारखं असतं. हौद हिरवा. पायऱ्या हिरव्या. खांब? खालचा भाग हिरवा आणि वरचा पिवळा, असं मुलंच सुचवतात. पाणी? एक गट म्हणाला लाल, कारण पाणी सापडलं नाही. दुसरा म्हणाला, “विहीर आहे, डांबर आहे, नाली आहे, मग हौदात काय दाणे भरत होते?” पाणी हिरवं झालं, पण त्याचा निळाशार रंग लाल राहिला. आणि पुजारी एकमतानं लाल.

या दाण्यांवरूनच पुढचं उदाहरण देता येतं. महास्नानगृहाच्या शेजारी विटांच्या ओट्यांची एक मोठी वास्तू आहे. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५० मध्ये तिथे उत्खनन केलं आणि ते धान्याचं कोठार असल्याचं सांगितलं. कित्येक चित्रांत, मॉडेल्समध्ये तिथे धान्याच्या राशी दिसतात. पण नंतरच्या अभ्यासकांनी विचारलं, इथे धान्याचे दाणे कुठे मिळाले? साठवणीची भांडी कुठे आहेत? ती मिळालेली नाहीत. म्हणून आता बरेच जण तिला नुसतं ‘मोठा सभामंडप’ किंवा ‘मोठी वास्तू’ म्हणतात. म्हणजे कालचं हिरवं आज पिवळं होऊ शकतं, हे मुलांना कळतं. इतिहास म्हणजे पाठ करायची यादी नाही, पुराव्यावर चाललेला वाद आहे, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

कुठल्या दिवसाचं मॉडेल?

आता आपल्या घराजवळ येऊ. लोणावळ्याजवळचं कार्ल्याचं चैत्यगृह तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर उंच, आत ३७ खांब, आणि छताला लाकडी कमानी. समोर उभं राहिलात की डाव्या हाताला सिंहस्तंभ दिसतो. तो महारठी अग्निमित्रणक यानं दान दिल्याचा लेख आहे. उजव्या हाताला एकवीरा आईचं देऊळ. उजवीकडेही तसाच एक स्तंभ असावा आणि देऊळ त्याच जागी उभं राहिलं असावं, असं अभ्यासक मानतात.

आता सांगा, कार्ल्याचं मॉडेल करायचं तर काय करायचं? सातवाहन काळ दाखवायचा म्हटलं की दुसरा स्तंभ उभा करावा लागतो आणि देऊळ पुसावं लागतं. संगणकावर ते एका क्लिकचं काम आहे. पण माझ्या वर्गात कोळी-आगरी घरांतली मुलं बसलेली असतात. चैत्रात पालखीला त्यांचं घरच्या घर कार्ल्याला जातं. त्यांच्यासाठी ती जागा म्हणजे आधी आई एकवीरा, मग लेणं. पडद्यावर त्यांच्या आईचं देऊळ नाहीसं झालं आणि बाईंनी सांगितलं की हेच ‘खरं’ कार्ले, तर त्या मुलांनी काय समजायचं? तिथे येणाऱ्या भिक्खूंचा, दान देणाऱ्या व्यापाऱ्यांचा इतिहास खरा आणि आपल्या आजीचा खोटा?

उलट बाजूही आहे. फक्त आजचं दाखवलं तर त्या लेण्यातला बौद्ध संघ मुलांच्या नजरेतून निसटतो. तेही तितकंच चूक.

डिजिटल मॉडेलची खरी ताकद इथे आहे. दगडात हे करता येत नाही, पण पडद्यावर काळाची पट्टी सरकवता येते. इथे स्तंभ आहे. पुढे सरका, स्तंभ गेला. अजून पुढे सरका, देऊळ आलं. हे सगळं त्याच जागेचं आयुष्य आहे. मोहेंजोदडोच्या टेकडीवरही महास्नानगृहाजवळ एक स्तूप उभा आहे, हडप्पा शहर उजाड झाल्यावर कित्येक शतकांनी बांधलेला. मॉडेलमध्ये बहुतेकदा तो गायब असतो. म्हणून तीन रंगांच्या जोडीला चौथा प्रश्न नेहमी विचारा : हे मॉडेल कुठल्या दिवसाचं आहे, आणि त्या दिवसासाठी काय पुसलं?

मुलांच्या हातून मॉडेल

शेवटचा मुद्दा. मॉडेल बघण्यापेक्षा करण्यातून जास्त कळतं. आणि त्यासाठी राणी की वाव लागत नाही, गावाच्या वेशीवरची वीरगळ पुरते. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्याकडे गावोगाव हे दगड पडून आहेत.

ढगाळ दिवस निवडा, म्हणजे काळ्या सावल्या पडत नाहीत. फ्लॅश नको. दगडाशेजारी फूटपट्टी ठेवा, माप कळायला. मग साध्या मोबाइलनं दगडाभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढा, एकदा खालून, एकदा मधून, एकदा वरून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. एवढ्यावरून मॉडेल तयार होतं. दगडावर खडू, तेल, पाणी काही लावायचं नाही. शेंदूर असेल तर तो खरवडायचा नाही. तो दगड कुणाचा तरी देव आहे. आधी गावातल्या जाणत्यांना विचारा. ते जे सांगतील तेही टिपून ठेवा. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिपाई किंवा ड्रोन नेऊ नका.

आमच्या मुलांनी केलेल्या मॉडेलला मागे मोठं भोक पडलं, कारण वीरगळ भिंतीला टेकून होती आणि पाठीमागचे फोटोच नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये ‘भोक बुजवा’ अशी सोय असते. एका मुलानं ती दाबली. क्षणात गुळगुळीत पाठ तयार. सगळी ओरडली, “अरे, हे तर खोटं आहे!” पुजारी कशावरून, हे त्या क्षणी वर्गाला जितकं समजलं, तितकं माझ्या कुठल्याच भाषणानं समजलं नसतं. त्यांनी ते भोक परत उघडलं आणि तिथे चिठ्ठी लावली : ‘हा भाग आम्ही पाहिलेला नाही.’

आता माझ्या प्रश्नपत्रिकेत महास्नानगृहाच्या प्रश्नाला एक ओळ जोडलेली असते, ‘हे कशावरून म्हणता?’ आणि त्या मुलीचा गेलेला मार्क? तो मी त्याच आठवड्यात परत दिला, सगळ्या वर्गासमोर. पुजाऱ्यांसाठी दिलेले मार्क मात्र काढून घेतले नाहीत. ती चूक मुलांची नव्हती.



प्रश्नोत्तरे

*प्रश्न : मॅडम, बोर्डाच्या पेपरात मुलांनी ‘असावा’ लिहिलं आणि तपासनिसानं मार्क कापले तर? पालक आम्हाला धरतात.*

ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. मुलांना मी दोन्ही शिकवते. पाठ्यपुस्तकातलं वाक्य पुस्तकात आहे तसंच लिहा. पण पुस्तकात नसलेलं, फक्त पडद्यावर पाहिलेलं काहीही ‘होतं’ म्हणून लिहू नका. एवढं पाळलं तर मार्क जात नाहीत. आणि पुस्तक नीट वाचलंत तर दिसेल, बऱ्याच ठिकाणी पुस्तकानंही ‘असावा’च लिहिलेलं असतं. आपणच शिकवताना त्याचं ‘होता’ करून टाकतो.

*प्रश्न : मुलांनी केलेली मॉडेल्स पुढे टिकतील का? फोन बदलला की सगळं जातं.*

ही भीती रास्त आहे. बीबीसीनं १९८६ मध्ये ब्रिटनभरच्या शाळकरी मुलांकडून आपापल्या परिसराची माहिती गोळा केली आणि ती खास लेझर डिस्कवर साठवली. पंधरा-वीस वर्षांत ती वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली, आणि ती माहिती सोडवायला तज्ज्ञांना खटपट करावी लागली. म्हणून नुसतं मॉडेल जपू नका, मूळ फोटो जपा. फोटो असले की उद्याच्या सॉफ्टवेअरनं मॉडेल पुन्हा करता येतं. बामियानचं तसंच झालं. एक प्रत शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीत द्या. आणि सोबत साध्या वहीत लिहून ठेवा, दगड कुठे होता, कोणत्या तारखेला फोटो काढले, किती उंच होता, आणि कोणती बाजू पाहता आली नाही. वही वाचायला यंत्र लागत नाही.